गुलामगिरीची टक्केवारी

अमेरिकेच्या श्रीमंतीत गुलामांच्या श्रमाचा वाटा किती, यावरून तिथे गेली काही वर्षं मोठा वाद चालला आहे. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सने एक विशेष अंक काढला आणि राष्ट्राची जन्मतारीख १७७६ न धरता १६१९ धरून पाहा, असं सुचवलं. १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत वीसेक आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले होते. या अंकाला उत्तर म्हणून ट्रम्प यांनी ‘१७७६ आयोग’ नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. तेव्हापासून एक बाजू सांगते की अमेरिकेची सगळी इमारत गुलामांच्या पाठीवर उभी आहे. दुसरी बाजू म्हणते की गुलामगिरी हा दक्षिणेतला एक मागासलेला अवशेष होता, त्याने विकासाला हातभार लागला नाहीच, उलट खीळ बसली. आपल्याकडेही हे दोन पक्ष जसेच्या तसे उचलले जातात. बोलणाऱ्याने अमेरिकेबद्दल आधीच काय ठरवून ठेवलं आहे, त्यावर तो कोणत्या बाजूला जाणार ते ठरतं.

मला दोन्ही बाजूंची एकच गोष्ट खटकते. दोघंही टक्के मोजत बसले आहेत. राष्ट्रीय उत्पन्नातला गुलामांचा वाटा पन्नास टक्के की पाच टक्के, हे एकदा ठरलं की गुलामगिरीचं ऐतिहासिक वजन ठरलं, असं दोघंही मानतात. माझं म्हणणं वेगळं आहे. १८१५ ते १८३५ या वीस वर्षांत अमेरिकेत दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या: देशभराचा बाजार आणि देशभराचं राष्ट्र. जमीन कोणाची, कर्ज कशावर द्यायचं, सरकारला रस्ते बांधायचा अधिकार आहे का, नागरिक कोणाला म्हणायचं, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात गुलामगिरी शिरलेली होती. काही ठिकाणी तिने विकास पुढे ढकलला, काही ठिकाणी अडवून धरला. पण तिला वगळून यातला एकही प्रश्न सुटलेला नाही.

आधी गुलामगिरीचा वाटा लहान ठरवणाऱ्या पक्षाचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. गृहयुद्धापूर्वीच्या अमेरिकेची निम्मी अर्थव्यवस्था कापसावर चालत होती, असा दावा काही वर्षांपूर्वी झाला. तो हिशेबाच्या चुकीवर उभा होता. कापसाच्या किमतीतच जमीन, अवजारं, वाहतूक यांचा खर्च धरलेला असतो. तो पुन्हा वेगळा मांडून बेरीज केली, तर आकडा फुगणारच. अर्थशास्त्रीय इतिहासकारांनी ही चूक दाखवून दिली, ते योग्यच झालं. कापसाची निर्यात राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच-सहा टक्क्यांच्या आसपास होती. उत्तरेकडची वाढ बरीचशी तिच्या स्वतःच्या बाजारपेठेवर झाली. १८१७ मध्ये खोदायला घेतलेला एरी कालवा १८२५ मध्ये पुरा झाला, आणि बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला जिथे शंभर डॉलर पडत, तिथे तो खर्च काही वर्षांत दहा डॉलरच्या घरात आला. या कालव्यातून गहू, लाकूड आणि पीठ जात होतं. त्यात कापूस नव्हता. दक्षिणेत शाळा कमी, शहरं कमी, कारखाने कमी, आणि युरोपातून येणारा मजूर तिकडे फिरकतही नसे. आणि सर्वांत वजनदार मुद्दा ब्राझीलचा. तिथे अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त आफ्रिकी लोक आणले गेले, गुलामगिरी थेट १८८८ पर्यंत टिकली, तरी तिथे लोवेलसारखं गिरण्यांचं शहर उभं राहिलं नाही. गुलामगिरीतून आपोआप भांडवलशाही जन्मते असं कोणी म्हणत असेल, तर ब्राझीलचं उत्तर त्याच्याकडे असलं पाहिजे.

हे सगळं मान्य. पण पाच-सहा टक्के म्हणजे ‘किरकोळ’, हा निष्कर्ष कुठून आला? मोटेच्या नाड्याची किंमत विहिरीच्या खर्चाच्या किती टक्के असते? तो हिशेब मांडून नाडा फुकटचा ठरवला, तर पाणी वर येणार कसं? मराठी वाचकाला तरी हा युक्तिवाद ओळखीचा वाटायला हवा. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे संपत्ती वाहून जाते हे दादाभाई नौरोजी आकडेवारीनिशी मांडत होते, तेव्हा साम्राज्याच्या समर्थकांनी हेच उत्तर दिलं होतं: एकूण उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक आहे. त्यावरचा प्रतिवाद आजही चोख आहे. प्रश्न एकूण उत्पन्नाचा नाही, खाऊनपिऊन जे उरतं आणि पुढच्या वर्षी कामाला लावता येतं, त्याचा आहे. अमेरिकेच्या कापसालाही हीच फूटपट्टी लावून पाहा. १८३० च्या दशकाच्या मध्यावर देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त हिस्सा एकट्या कापसाचा होता. निर्यातीच्या बळावर आयात होत होती. आयातीवर जकात होती. आणि त्या काळी आयकर नसल्यामुळे केंद्र सरकारच्या तिजोरीत येणारा बहुतेक पैसा या जकातीचा आणि सरकारी जमिनींच्या विक्रीचा होता. जानेवारी १८३५ मध्ये अमेरिकेने आपलं सगळं राष्ट्रीय कर्ज फेडलं. त्या राष्ट्राभिमानी क्षणाचं कौतुक अजूनही होतं. ते कर्ज फेडणारी जकात ज्या आयातीवर बसली, तिची किंमत मोठ्या प्रमाणात मिसिसिपी आणि अलाबामातल्या शेतांमधून वळती होत होती, हे मात्र त्या कौतुकात सांगितलं जात नाही.

आता त्या शेतांकडे वळू. १७९३ मध्ये इलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र तयार केलं आणि आखूड धाग्याचा, सरकीला घट्ट चिकटलेला कापूस अचानक फायद्याचा झाला. १७९० मध्ये देशात जेमतेम काही हजार गाठी निघत. १८६० च्या सुमाराला हा आकडा ४० लाखांच्या पुढे गेला. याच काळात गुलामांची संख्या सुमारे ७ लाखांवरून साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. आणि ही वाढ बाहेरून माणसं आणायला १ जानेवारी १८०८ पासून कायद्याने बंदी असताना झाली. पण कापसाला जमीन लागते, आणि ती जमीन रिकामी नव्हती. ऑगस्ट १८१४ मध्ये सेनापती (आणि पुढे अध्यक्ष) अँड्र्यू जॅक्सनने तिथल्या मूळ रहिवासी क्रीक लोकांवर फोर्ट जॅक्सनचा तह लादला आणि दोन कोटी एकरांहून अधिक मुलूख घेतला. जे क्रीक त्याच्या बाजूने लढले होते, त्यांचीही जमीन सुटली नाही. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा झाला आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी या मूळ रहिवाशांची फरपट झाली. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजारांच्या आसपास माणसं तिच्यात मेली, असा अंदाज आहे. तो मुलूख लष्कराने मोकळा केला, सरकारी मोजणीदारांनी आखला, सरकारी कचेऱ्यांनी लिलावात विकला. मग व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधून माणसांच्या साखळ्या तिकडे निघाल्या. गृहयुद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसं अशी जुन्या राज्यांतून नव्या कापूसपट्ट्यात नेली गेली. त्यात विकलेले नवरे होते, मागे राहिलेल्या बायका होत्या, आठ-दहा वर्षांची एकटी मुलं होती. मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनीसुद्धा आपल्या शाळांची आणि महाविद्यालयांची कर्जं भागवायला १८३८ मध्ये २७२ माणसं लुइझियानाला विकली.

इथे आणखी एक आक्षेप येतो, आणि तो अभ्यासकांचा आहे. १८०० ते १८६० या काळात एका माणसाची दिवसाची वेचणी जवळपास चौपट झाली. ती चाबकामुळे झाली असं एक म्हणतो. सुधारित मेक्सिकन बियाण्यामुळे झाली, त्याची बोंडं मोठी आणि वेचायला सोपी होती, असं दुसरा दाखवतो. मला बियाण्याचा पुरावा जास्त पटतो. पण ज्याने कधी कापूस वेचला आहे, किंवा वऱ्हाडात भर उन्हात वेचणाऱ्या बायांची बोटं पाहिली आहेत, त्याला विचारा. बोंड कितीही मोठं असलं तरी सुकलेल्या पाकळीचं टोक बोटात घुसतंच, कंबर मोडतेच. मिसिसिपीत संध्याकाळी सरकी काढायच्या यंत्रापाशी प्रत्येकाची टोपली तोलली जाई, वजन वहीत चढे, आणि कमी भरलं की फटके बसत. बोंड कसं असेल हे बियाण्याने ठरलं. त्या शेतात कोण उभं राहील, किती तास राहील, आणि नको म्हणता येईल का, हे बियाण्याने ठरलेलं नाही. त्याच काळात लाखो स्वतंत्र शेतकरी पश्चिमेकडे जात होते आणि ओहायो-इंडियानात मका-गहू पेरत होते. दलदलीच्या, हिवतापाच्या मुलखात टोळीने कापूस वेचायला त्यांच्यातले किती जण आपखुशीने गेले? नव्या जमिनीवर कापूस इतक्या झपाट्याने पसरला, कारण माणूस उचलून हजार किलोमीटरवर ठेवता येत होता. तो वेग सक्तीचा होता.

“पण १८६५ नंतरही कापूस पिकलाच की! १८७० चं दशक संपेतो उत्पादन पूर्वीएवढं झालं,” असं यावर सांगतात. झालं खरं. पण तोवर माणसं तिथे आणून ठेवलेली होती, जमीन साफ झालेली होती, रेल्वे पोचली होती. आणि मुक्त झालेल्यांच्या वाट्याला स्वतःची जमीन आली नव्हती, बटाई आली होती. दुकानदाराची उधारी होती, भटकंतीच्या गुन्ह्याखाली पकडून कामाला जुंपणारे कायदे होते. गुलामगिरीने उभं केलेलं शेत गुलामगिरीशिवाय पुढे चालू शकलं, यावरून तिच्याशिवाय ते उभं राहिलं असतं हे सिद्ध होत नाही.

उत्तरेचे हात स्वच्छ होते, हाही समज सोडायला हवा. माणूस कर्जाला तारण ठेवता येत होता. १८२७ मध्ये लुइझियानात मळेवाल्यांची एक बँक निघाली. मळेवाल्यांनी जमीन आणि गुलाम गहाण टाकायचे, त्यावर बँकेने रोखे काढायचे, राज्य सरकारने त्यांना हमी द्यायची, आणि लंडनच्या बेअरिंग पेढीने ते युरोपात खपवायचे, अशी रचना होती. म्हणजे युरोपातला एखादा सज्जन गृहस्थ घरबसल्या ज्या रोख्याचं व्याज घेत होता, त्याच्या तळाशी नाव, वय आणि किंमत लिहिलेली माणसं होती. २००५ मध्ये जेपी मॉर्गन चेसने जाहीर कबुली दिली की तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुइझियानाच्या दोन बँकांनी सुमारे १३ हजार माणसं तारण म्हणून घेतली होती, आणि कर्ज बुडल्यावर साडेबाराशेच्या आसपास माणसांची मालकी थेट बँकांकडे आली होती. तिकडे ऱ्होड आयलंडच्या गिरण्या दक्षिणेतल्या गुलामांसाठीच जाडंभरडं कापड विणत होत्या. १८६० च्या सुमाराला गुलामांची एकत्रित ‘किंमत’ तीन अब्ज डॉलरच्या घरात होती, देशातल्या सगळ्या रेल्वे आणि सगळे कारखाने मिळून होणाऱ्या भांडवलाहून जास्त. राष्ट्रीय उत्पन्नाची टक्केवारी सांगणारे हा आकडा सहसा सांगत नाहीत. माणूस इथे श्रम होता, तसाच भांडवलही होता. देशाची सर्वांत मोठी पुंजी हाडामांसाची होती.

इथून राष्ट्रवादाकडे येतो, कारण मला खरं बोलायचं आहे ते यावर. १८१५ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या युद्धातली न्यू ऑर्लीन्सची लढाई जिंकल्यावर अमेरिकेत राष्ट्राभिमानाची लाट आली. १८१६ मध्ये दुसरी राष्ट्रीय बँक स्थापन झाली, देशी कारखान्यांना संरक्षण देणारी जकात आली. बँक, जकात, रस्ते आणि कालवे मिळून हेन्री क्लेने पुढे ‘अमेरिकन व्यवस्था’ मांडली. शाळेच्या पुस्तकात हा काळ सद्भावनेचं युग म्हणून येतो. पण या राष्ट्रवादाचे धुरीण कोण होते? केंटकीचा क्ले, दक्षिण कॅरोलिनाचा कॅल्हून, व्हर्जिनियाचा अध्यक्ष मन्रो, टेनेसीचा जॅक्सन. सगळे गुलामांचे मालक. आणि या राष्ट्राने परराष्ट्र व्यवहारात चिकाटीने कशाचा पाठपुरावा केला? त्या युद्धात हजारो गुलाम पळून ब्रिटिश जहाजांवर गेले होते आणि ब्रिटिशांनी त्यांना परत द्यायला नकार दिला होता. अमेरिकेने हा दावा दहा वर्षांहून अधिक काळ लढवला, रशियाच्या झारला लवाद नेमलं, आणि १८२६ मध्ये ब्रिटनकडून १२ लाख ४ हजार ९६० डॉलरची भरपाई कबूल करून घेतली. स्वातंत्र्य मिळवलेल्या माणसांची किंमत मालकांना मिळवून देणं, हे त्या तरुण राष्ट्राच्या मुत्सद्देगिरीचं यश ठरलं.

तरीही याच गुलामगिरीने त्या राष्ट्रवादाचे हात बांधले. ४ फेब्रुवारी १८१७ रोजी कॅल्हून प्रतिनिधिगृहात बोलला: रस्ते आणि कालव्यांच्या परिपूर्ण जाळ्याने आपण हे प्रजासत्ताक एकत्र बांधूया. विधेयक मंजूर झालं, पण राज्यघटनेत हा अधिकार नाही म्हणून मावळता अध्यक्ष मॅडिसन याने ते फेटाळलं. पुढच्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनाच्या नॅथॅनियल मेकनने एका पत्रात खरी भीती लिहून ठेवली: काँग्रेसला कालवे खोदता येत असतील, तर गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार तर तिला अधिकच आहे. १८२४ मध्ये व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फने भर सभागृहात तेच सांगितलं. रस्त्यांसाठी केंद्राला अधिकार द्याल, तर उद्या तेच केंद्र एकूणएक गुलाम सोडवेल. कालवा आणि गुलाम, काय संबंध? पण त्यांना तो दिसत होता, आणि त्यांना दिसत होता तो खरा होता. बलवान केंद्राशिवाय विकास होत नाही, आणि केंद्र बलवान झालं की माणसांवरची मालकी धोक्यात येते. दक्षिण मागे का राहिली याचं मोठं उत्तर मला इथे सापडतं. ‘गुलामगिरीने विकास घडवला’ आणि ‘गुलामगिरीने विकास अडवला’ ही दोन विधानं एकमेकांच्या विरोधात उभी करायची गरज नाही, असं मी म्हणतो ते यामुळेच.

१८१८ हे मराठी माणसाला पेशवाईच्या अखेरीचं साल म्हणून ठाऊक आहे. त्याच सुमाराला लिव्हरपूलला हिंदुस्थानी कापसाची आवक एकदम वाढली, अमेरिकी कापसाचा पाउंडाला तीस सेंटच्या वर चढलेला भाव निम्म्यावर कोसळला, आणि १८१९ च्या मंदीत बँका बुडाल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा प्रतिनिधी टॅलमाज याने, राज्य होऊ पाहणाऱ्या मिसूरीत नवे गुलाम नेऊ नयेत अशी दुरुस्ती सुचवली. जॉर्जियाचा कॉब गरजला की ही आग विझायला रक्ताचे समुद्र लागतील. १८२० मध्ये नकाशावर रेघ ओढून, मिसूरी वगळता तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको, अशी तडजोड झाली आणि वृद्ध जेफरसनला हा सगळा प्रश्न मध्यरात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेसारखा वाटला. सद्भावनेचं युग इतकंच टिकलं. १८२८ पर्यंत तोच कॅल्हून, आता देशाचा उपाध्यक्ष, केंद्राचा कायदा राज्याला रद्दबातल ठरवता येतो असा सिद्धांत निनावी लिहीत होता. तो जकातीचा वाद होता, त्याचा गुलामगिरीशी संबंध नाही, असं सांगणारे आजही आहेत. मग १८२२ मध्ये, डेन्मार्क व्हेसी या मुक्त काळ्या सुताराचा गुलामांच्या उठावाचा कट फुटल्यावर, दक्षिण कॅरोलिनाने बंदरात येणाऱ्या प्रत्येक मुक्त काळ्या खलाशाला तुरुंगात टाकायचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी तो घटनाबाह्य ठरवला, तरी राज्याने तो चालूच ठेवला. ते कोणत्या जकातीसाठी? खुद्द जॅक्सनने, तेव्हा तो अध्यक्ष होता, १८३३ मध्ये एका पत्रात लिहिलं की जकात हे निमित्त होतं, पुढचं निमित्त गुलामगिरीचं असेल.

या सगळ्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो मला मनापासून गंभीर वाटतो. शेवटी याच राष्ट्रवादाने गुलामगिरी संपवली ना? संघराज्य अखंड राहिलं पाहिजे म्हणून लाखो तरुण लढले, मेले, आणि १८६५ मध्ये ती कायद्याने गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच, त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाचं कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा म्हणून. फुल्यांचा तो आदर खोटा नव्हता. पण राष्ट्रवाद सुरुवातीपासूनच मुक्तीच्या दिशेने चालला होता, असा अर्थ त्यातून निघत नाही. १८१७ च्या राष्ट्रवादात मुक्त काळ्या माणसालाही जागा नव्हती. डिसेंबर १८१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वसाहत सोसायटीची स्थापना झाली, मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवून देण्यासाठी. पहिल्या सभेचा अध्यक्ष होता हेन्री क्ले, ‘अमेरिकन व्यवस्थे’चा प्रवर्तक. गुलामांच्या मुक्तीचा विषय इथे निघणार नाही, हे त्याने तिथेच स्पष्ट केलं. रस्ते, बँका, कारखाने आणि काळ्यांची रवानगी, हे सगळं एकाच माणसाच्या राष्ट्रकल्पनेत बसत होतं.

त्या राष्ट्राची दुसरी कल्पना कोणी मांडली, ते या वादात कोणीच सांगत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. जानेवारी १८१७ मध्ये, कॅल्हूनच्या त्या भाषणाच्या काही दिवस आधी, फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे तीन हजार मुक्त काळी माणसं जमली. जहाजांची शिडं बनवणारा श्रीमंत कारखानदार जेम्स फोर्टन अध्यक्षस्थानी होता, शेजारी बिशप रिचर्ड ॲलन होता. दोनच वर्षांपूर्वीच्या युद्धात याच लोकांनी शहराच्या रक्षणासाठी बांध घालायला हात लावले होते. पुढारी आफ्रिकेच्या बेताकडे थोडे झुकलेले होते. बेताच्या बाजूने कोण, असं विचारलं तेव्हा एकही आवाज आला नाही. मग त्यांनी ठराव केला. आमचे पूर्वज, स्वखुशीने नव्हे, पण अमेरिकेच्या रानावनाची पहिली यशस्वी मशागत करणारे होते. त्यांच्या रक्ताघामाचं खत या मातीला मिळालं आहे, म्हणून या मातीच्या सुफळतेत वाटा मागायचा आम्हाला हक्क आहे. आणि या देशातल्या गुलामांपासून आम्ही आपण होऊन कधीही वेगळे होणार नाही.